मांजराला मुद्दाम 'भूभू' म्हणते: दुरुस्त करायचं की हसायचं?

चिमणचारा
मुलगी २२ महिन्यांची. सुटे शब्द ७०-८०, शिवाय "बाबा गेले", "अजून दे" अशी जोडणी. हल्ली मांजराच्या चित्राला "भूभू" म्हणते आणि आमच्याकडे बघून खिदळते. बूट डोक्यावर ठेवते, खेळणं पुढे करून ऐनवेळी मागे घेते. ही थट्टा की शब्दांचा गोंधळ? दर वेळी "नाही, माऊ" म्हणावं का? आपणही मुद्दाम चुकीचं बोललो तर भाषा बिघडेल का?

शब्दखूण
थट्टाच दिसते, पण खात्री घरच्या घरी करता येते. गोंधळ असलेलं मूल गाय, मांजर, घोडा सगळ्यांना सरसकट भूभू म्हणतं आणि पुढच्या पानाकडे वळतं. जवळ शब्द कमी असले की आहे तोच ताणून वापरायचा, इतकं साधं कारण असतं. थट्टेत मात्र नजर चित्रावरून उठून तुमच्या चेहऱ्यावर येते आणि तिथेच थांबते, तुम्ही काय करता ते बघायला.

ती शांत असताना चार चित्रं मांडा आणि "माऊ कुठाय?" विचारा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा बरोबर बोट ठेवलं तर शब्द पक्का आहे. "हे काय?" असं विचारू नका, त्या प्रश्नावर ती गंमतच करणार.

शब्द पक्का झाल्याशिवाय तो मोडण्यात मजा नसते, म्हणून ही प्रगतीच समजा. मानसशास्त्रज्ञ पॉल मॅकगी यांनी विनोदाच्या पायऱ्या साधारण याच क्रमाने मांडल्या आहेत: आधी वस्तूचा भलता वापर (तुमचा बूट), मग वस्तूला भलतं नाव. वस्तू देऊन मागे घेण्याची खोडी तर मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी वर्षाच्या आतल्या बाळांतही नोंदवली आहे.

"नाही" म्हणू नका, त्याने खेळच संपतो. हसा आणि बरोबर शब्द वाक्यात सोडून द्या: "अगंबाई, माऊ भूभू झाली? म्यांव करणारा भूभू!" तिच्याकडून वदवून घ्यायची गरज नाही.

बोबडकांदा
मोठ्यांनी चुकीचं बोलायला हरकत नाही, पण पथ्यं आहेत. तिला पक्का ठाऊक असलेलाच शब्द घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मोजा हातात घालून "मोजा हातात!" म्हटलं तर कळतं. मोजा हातात, वर त्याला "टोपी" म्हणायचं आणि आवाजही बदलायचा, तर ती नुसती बघत बसते. थट्टा करताना चेहरा हसरा हवा. गंभीर चेहऱ्याने चुकीचं नाव घेतलं तर लहान मूल ते खरं मानू शकतं.

सर्वांत जास्त उपयोग थांबण्याचा. पाठ असलेल्या बडबडगीताचा शेवटचा शब्द गाळा आणि मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक जण दोनलाच शब्द भरून टाकतात आणि मुलाची पाळी हुकते. शब्दाऐवजी नुसता आवाज किंवा हातवारा आला तरी ती पाळीच.

बोबड्या उच्चाराला मात्र हसू नका. काकाचा 'ताता' होणं या वयात साहजिक आहे, 'र' आणि 'ळ' तर आणखी उशिरा येतात. त्यावर हसलं की काही मुलं तो शब्दच टाळतात, काही तोच बोबडा धरून बसतात.

उलटासुलटा
एक भर. थुंकणं, फेकणं, चापट मारणं यावर पहिल्यांदा हसू आलं तर तोंड फिरवा. या वयात हशा म्हणजे 'पुन्हा कर'. दुसऱ्यांदा रागावून पहिला हशा पुसला जात नाही.

चिमणचारा
आभार. काळजी कधी करायची?

शब्दखूण
तुमच्या वर्णनात तसं काही नाही. वर्षापर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडले जात नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि श्रवणतपासणी आधी करून घ्या. हाकेला वळतं म्हणजे नीट ऐकू येतं, असं धरू नका. आलेले शब्द गळायला लागले तर कुठल्याही वयात लगेच जा. हसण्याकडेही लक्ष असू द्या: गंमत वाटल्यावर मूल कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. खोलीत टीव्ही चालू असताना हे तपासू नका, तेव्हा नजर पडद्यालाच चिकटलेली असते.