मदत हवी आहे : सिकलसेलच्या रुग्णांमध्ये एफएमआरआयचा कमी संकेत कसा वाचावा?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा-कोरची पट्ट्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमच्याकडे सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे आणि वर्गात एएस (वाहक) व एसएस (रुग्ण) पॅटर्नची मुले असतातच. अलीकडे शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात मेंदूची दोन रंगीत एफएमआरआय चित्रे (काम करत असलेल्या मेंदूचा एमआरआय) फिरली. सिकलसेल असलेल्या मुलाच्या चित्रात रंगाचे डाग कमी होते आणि खाली ‘या मुलांचा मेंदू कमी चालतो’ असे लिहिले होते. हा निष्कर्ष मला पटत नाही. परंतु तो खोडायचा तर आधारानिशी खोडायला हवा, कारण ही वाक्ये शेवटी पालकांपर्यंत आणि मुलांपर्यंत पोहोचतात.

माझी समज अशी आहे. एफएमआरआय चेतापेशींचे विद्युत्-संदेश मोजत नाही, त्यांच्या मागोमाग रक्तात होणारा बदल मोजते. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्राकडे ओढले जाते आणि ऑक्सिजन असलेले ओढले जात नाही, हे पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये दाखवले. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी याच फरकावर बोल्ड संकेत, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनच्या पातळीनुसार बदलणारा एमआरआयचा संकेत, उभा केला. मेंदूचा एखादा भाग कामाला लागल्यावर तेथील ऑक्सिजन घटेल असे कोणालाही वाटेल. फॉक्स आणि रेकल यांच्या १९८६ च्या पीईटी (किरणोत्सारी खुणेचा माग घेणारे स्कॅन) मोजणीत मात्र रक्तप्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढला आणि ऑक्सिजनचा वापर सुमारे ५ टक्क्यांनीच. गरजेहून पुष्कळ अधिक ताजे रक्त आल्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन तेथून वाहून जाते आणि म्हणून संकेत वाढतो. हा वाढीचा कळस साधारण पाच-सहा सेकंदांनी येतो.

माझी अडचण येथूनच सुरू होते. एसएस पॅटर्नच्या रुग्णात हिमोग्लोबिन मुळातच कमी असते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदूचा रक्तप्रवाह विश्रांतीतही वाढलेला असतो. नहर आधीच काठोकाठ वाहत असेल, तर दार आणखी उघडून भाताच्या बांधीत फारसे जास्त पाणी येत नाही. चेतापेशी नेहमीसारख्याच काम करत असल्या, तरी रक्तवाहिन्यांना आणखी रुंदावण्यास वाव नसेल, तर संकेत कमी दिसेल, असे मानणे बरोबर आहे का? शिवाय संकेत ज्याच्यावर अवलंबून आहे ते हिमोग्लोबिनच कमी असल्याचा परिणाम वेगळा धरावा लागेल का? दुसरी बाजूही मला सोडायची नाही. सिकलसेलमध्ये बाहेरून न जाणवणारे छोटे मेंदूघात होतात आणि त्यांचा अभ्यासावर, एकाग्रतेवर खरोखर परिणाम होऊ शकतो. म्हणून ‘हे सारे रक्ताचेच आहे’ असे सांगून मोकळे होणेही मला योग्य वाटत नाही. कमी संकेतामागे चेतापेशी आहेत की रक्तवाहिन्या, हे कोणत्या मोजणीने वेगळे करता येते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

सर, तुमची मांडणी बरोबर आहे आणि दोन्ही परिणाम वेगवेगळेच धरावे लागतात. हे वेगळे करण्याची एक प्रचलित रीत म्हणजे श्वासातून थोडा कार्बन डायऑक्साइड देऊन त्याच व्यक्तीच्या रक्तवाहिन्या किती रुंदावतात ते पाहणे. त्या वेळी मेंदूला कोणतेही काम दिलेले नसते, त्यामुळे तेथेही प्रतिसाद कमी आला, तर कामाच्या वेळचा कमी संकेत चेतापेशींच्या खाती घालता येत नाही. सिकलसेलच्या रुग्णांवर अशी चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. एएसएल नावाच्या एमआरआय पद्धतीने रक्तप्रवाह स्वतंत्रपणे मोजता येतो. मात्र रक्तक्षयात रक्ताचे चुंबकीय गुणधर्म बदलत असल्याने तेथे दुरुस्ती न करता काढलेला आकडा चुकतो. एकाच दृश्य उत्तेजनेला ईईजीमध्ये (डोक्यावरून मेंदूचे विद्युत्-संदेश टिपणारी चाचणी) विद्युत् प्रतिसाद नीट येत असेल आणि बोल्ड कमी असेल, तर संशय रक्ताच्या बाजूला जातो. छोटे मेंदूघात शोधण्यासाठी मात्र साधा एमआरआयच लागतो, एफएमआरआय नव्हे.

आणखी एक गोष्ट गटात अवश्य सांगा. चित्रातील रंग म्हणजे मेंदू किती चालतो याचे माप नाही. विश्रांती आणि काम यांतील फरक संशोधकाने ठरवलेल्या सांख्यिकी मर्यादेपलीकडे गेला, तेवढ्याच जागी रंग भरला जातो. मर्यादा बदलली की डाग वाढतात किंवा नाहीसे होतात. ज्यांनी ते चित्र टाकले त्यांना तीन गोष्टी विचारा : दोन्ही मुलांचे हिमोग्लोबिन किती होते, मर्यादा कोणती धरली होती आणि रक्तवाहिन्यांची क्षमता तपासली होती का.