मदत हवी आहे: सीएनसी लेथवर टेलस्टॉककडे 30 मायक्रॉन टेपर

ईएन8 (मध्यम कार्बन स्टील) चा शाफ्ट, व्यास 30 मिमी, लांबी 180 मिमी. टॉलरन्स (व्यासात चालणारा फरक) एच7, म्हणजे अवघे 21 मायक्रॉन. आणि टेलस्टॉकच्या (जॉबच्या मोकळ्या टोकाला आधार देणारा भाग) बाजूला व्यास 30 मायक्रॉनने मोठा येतोय, म्हणजे टेपर. टेलस्टॉकचं टोकदार सेंटर न लावता 40 मिमी टर्न केलं तर टेपर नाही, म्हणजे हेडस्टॉक (जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलची बाजू) ठीक असावा. लाइव्ह सेंटर (जॉबबरोबर फिरणारं) बदललं, टेलस्टॉकचं प्रेशर कमी केलं, काही फरक नाही. तेवढ्याच लांबीचा मँड्रेल (अचूक सरळ दांडा) दोन सेंटरमध्ये धरून टरेटवर (टूल धरणारा भाग) डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावला, तर टेलस्टॉकचं टोक टूलपासून 15 मायक्रॉन लांब दिसतं. व्यासात बरोबर दुप्पट! प्रोग्रॅममध्ये उलटा टेपर देऊन जॉब पास होतात, पण ही मलमपट्टी झाली. लांबी बदलली की पुन्हा हिशेब.

टेलस्टॉक सरळ करताना डायल थंड मशीनवर लावायचा, की स्पिंडल अर्धा तास फिरवून? तापल्यावर हेडस्टॉकही सरकतो. आणि बेसचे बोल्ट कोणत्या क्रमाने आवळावेत? शेवटच्या आवळणीत सेटिंग हलतं.