पऱ्हाटी पेटवायची की कारखान्याला द्यायची?

वणीचा कापूसवाला
2017 च्या गुलाबी बोंडअळीनं होत्याचं नव्हतं केलं, तेव्हापासून दरवर्षी सांगणं तेच: फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पीक) घेऊ नका, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली झाडं, उपटा. उपटली. पुढं? धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचायची अन् पेटवायची. माझं मत, तिची साखर करा. तुरीच्या मर रोगासाठी आपण बियाण्याला ट्रायकोडर्मा ही बुरशी चोळतोच ना? तिच्याच भावकीतली ट्रायकोडर्मा रीसी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू खात होती. पऱ्हाटीतही सुतातलंच सेल्युलोज. बुरशीचं एन्झाइम त्याचं ग्लुकोज करतं, यीस्ट त्याचं इथेनॉल. जिल्ह्याला एक कारखाना मागू या.

प्रयोगशाळेतली, अमरावती
दादा, तंबू म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. पऱ्हाटी म्हणजे लाकूड! सेल्युलोजला लिग्निननं, म्हणजे लाकूड टणक करणाऱ्या घटकानं, जखडलंय, आणि ते फोडणं रीसीच्या आवाक्यात नाही. म्हणून आधी बारीक भुगा, मग आम्ल किंवा अल्कली आणि वाफ, आणि त्यानंतर 50 अंशांच्या आसपास टाकीत दोन-तीन दिवस एन्झाइम. पैसा तिथंच जिरतो. शिवाय निघालेली सगळी साखर ग्लुकोज नसते. बरीच झायलोज असते, आणि नेहमीचं यीस्ट तिला तोंड लावत नाही. ड्यूपॉन्ट कंपनीनं अमेरिकेत आयोवात 2015 मध्ये मक्याच्या धांड्यांवर असा प्रकल्प काढला, 2017 मध्ये गुंडाळला. धांडे तर पऱ्हाटीपेक्षा मऊ.

वणीचा कापूसवाला
ताई, उरलेलं लिग्निन बॉयलरला जातं, वाफेचा खर्च तेवढा हलका. आणि इंडियन ऑइलचं पानिपत का विसरता? 2022 पासून, भाताच्या काडावर, दिवसाला 1 लाख लिटर इथेनॉलची क्षमता. तणस, म्हणजे तेच काड, तर भंडारा-गोंदियात ढिगानं आहे.

धानवाला, साकोली
थांबा भाऊ. तिकडं पानिपतकडं हार्वेस्टरनं कापतात, गव्हाची घाई असते, म्हणून काड जाळतात. आमचं तणस गंजीत रचून ठेवतो, उन्हाळाभर ढोरं त्याच्यावर जगतात. आमच्या गंजीवर डोळा ठेवू नका.

दारव्ह्याची सून
पऱ्हाटीला कचरा कोण म्हणते जी? सिलिंडर भरायले पैसे नसले की चूल तिच्यावरच पेटते. ज्यायले वावर नाही त्या बाया दुसऱ्याच्या वावरातून मोळ्या आणतात. कारखान्यानं भाव लावला की मालक मोळी उचलू देईन काय? (अन् पेटवणारे गडीच असतात, चूल फुंकणाऱ्या नाही.)

प्रयोगशाळेतली, अमरावती
ताईंचा मुद्दा माझ्यापेक्षा भारी. त्यात एक भर: पऱ्हाटीवरच्या वाळक्या बोंडांत अळी सुप्त पडून राहते. कारखान्याच्या आवारात वर्षभराची थप्पी लावली, तर आसपासच्या शिवारात पतंग सोडल्यासारखंच.

वणीचा कापूसवाला
म्हणून उभी पऱ्हाटी न्यायचीच नाही. गावातच श्रेडर लावून भुगा करायचा, अळीही त्यातच मरते. गाडीत मालही जास्त बसतो, नाहीतर ट्रॉलीभर हवाच वाहून नेणार. मोळ्यांपुरती पऱ्हाटी बाजूला ठेवायला माझी ना नाही.

कर्जवाला, पुसद
श्रेडरचं डिझेल कोण भरणार? उपटायची मजुरी? "गेटवर पोच" भाव सांगतील आणि ओल आहे म्हणून वजन कापतील, कापसात हेच बघत आलोय. बुरशीवर माझा पूर्ण विश्वास आहे. भाव धुऱ्यावरचा आणि काटा आमच्या गावातला, एवढं आधी लिहून द्या, मग माझी पऱ्हाटी घेऊन जा.