अनुभव धागा: 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (1977) नीट बघायचा तर

स्पीलबर्गच्या या सिनेमाची पारायणं केलेल्यांनी लिहा. 'भारी आहे' एवढंच नको. काय बघायचं, काय ऐकायचं, कुठे चुकतं ते हवं.

*

आधी आवृत्ती ठरवा. 1980च्या स्पेशल एडिशनमध्ये नायक परग्रहवासीयांच्या यानात शिरल्यावर आतलं सगळं दाखवलंय. स्पीलबर्गला ते पुढे खटकलं, 1998च्या आवृत्तीत त्याने ते काढलं. पहिल्यांदा बघताय तर 1998चीच घ्या.

*

सुरुवातीला पडदा काळा आणि आवाज अगदी बारीक. तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवू नका. सूर चढत जातात आणि एका दणक्यात वाळूचं वादळ अंगावर येतं. शेजारी दार वाजवतील. झूम बंद ठेवा, नाहीतर कडेचे दिवे कापले जातात. मोबाइलच्या स्पीकरवर तर नकोच. यान ट्यूबा या फुंकवाद्याच्या खर्जात बोलतं, तो खर्ज तिथे लागतच नाही.

*

माणसं आणि यान ज्या पाच सुरांनी एकमेकांशी बोलतात, ते पेटीवर असे: पांढरी एकचा सा धरून रे, ग, सा, मग मंद्र सा, शेवटी मंद्र प. हमखास चूक चौथ्या सुरात होते. तो मध्य सप्तकातच वाजवला की सप्तकभराची उडी जाते आणि नुसती बालगीताची ओळ उरते. शेवट पंचमावर लोंबकळतो, सा-वर टेकत नाही, म्हणून ती सुरावट उत्तर मागते. (प्रत्येक सुरासाठी हाताने कोडाय पद्धतीची खूण करणारा शास्त्रज्ञ म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो.)

*

सुरांना जोड: हेच सूर गाणारा जमाव सिनेमात उत्तर भारतातल्या धर्मशाला गावचा म्हणून दाखवलाय, पण चित्रण झालं खालापूरजवळच्या हाळ गावात, तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात. आवाज कुठून आला विचारल्यावर सगळे हात एकदम आभाळाकडे जातात. अख्ख्या सिनेमात यापेक्षा नेमकं उत्तर कुणी देत नाही.

*

ढग संगणकाचे नाहीत. दृश्यपरिणाम करणाऱ्या डग्लस ट्रम्बुलच्या चमूने टाकीत खाली खारं पाणी आणि वर गोडं पाणी भरून वरच्या थरात रंग सोडला. खारं पाणी जड, त्यामुळे रंग सीमेवर अडतो आणि ढगाचा तळ सपाट होतो. थर ढवळले गेले की संपलं, टाकी पुन्हा भरा.

*

मोठ्या यानाची कल्पना स्पीलबर्गला भारतात रात्री पाहिलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या दिव्यांवरून सुचली. प्रतिकृतीच्या कडेवर 'स्टार वॉर्स'मधला रोबो आर-टू-डी-टू उलटा चिकटवलाय. फ्रेम थांबवून शोधा.