कॉक्स सफरचंद कानाशी धरून हलवून बघा
'कॉक्स ऑरेंज पिपिन नुसतं आंबट लागलं, एवढं नाव कशाला?' असं कुणीतरी विचारलंय. ते बहुधा झाडावरून उतरवल्या उतरवल्या खाल्लं असावं. आंब्याला जशी अढी, तसे या सफरचंदाला थंड, अंधाऱ्या जागी काही आठवडे लागतात. मग आंबटपणा निवतो आणि बदाम-अक्रोडाच्या जवळ जाणारा सुरेख स्वाद येतो.

कुणी न सांगितलेली गंमत म्हणजे पिकलेलं कॉक्स कानाशी हलवलं की बऱ्याचदा आतल्या बिया खुळखुळतात! पिवळसर सालीवर नारिंगी-लाल झाक, कुठेकुठे खरखरीत तपकिरी डाग (हे डाग म्हणजे सडकेपणा नव्हे) आणि हा खुळखुळाट जुळला की बिनधास्त घ्या. बिअरच्या धंद्यातून निवृत्त झालेल्या रिचर्ड कॉक्स यांनी हे झाड १८२५च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्लाऊजवळच्या कोलनब्रुकला बीपासून वाढवलं.