माडीच्या खिडक्या (ग्रुप: मधली आळी, वाई)

विनूदादा: अ‍ॅल्युमिनियमवाल्याच्या कोटेशनचा फोटो वर टाकलाय. माडीच्या सहाही खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग. दोन दिवसांचं काम, गणपतीच्या आत उरकेल. जुनं लाकूड तोच घेऊन जाणार आहे. हरकत असेल त्यांनी आजच बोला, नंतर नको.

नलूआत्या: तोच नेणार म्हणजे फुकट नेणार. माझ्या आजोबांच्या वेळचं सागवान आहे ते.

विनूदादा: असेल आत्या, पण त्या खिडक्या लागतच नाहीत. माझ्या मुंजीपासून सुतळीने बांधतोय.

मेधावहिनी: खरंय. यंदाही खिडकीखाली घंगाळं ठेवलं होतं.

चिनू: मी शनिवारी सुतारांना घेऊन जाऊन आले. मोठा मेसेज आहे, पण वाचा. कुजलंय ते फक्त खालचं, म्हणजे चौकटीचा उंबरा आणि झडपांची खालची आडवी पट्टी. बाकी सगळं गाभ्याचं लाकूड, स्क्रू ड्रायव्हर टोचला तरी आत जात नाही. आणि कुजायचं कारण नुसता पाऊस नाही. चौकटीभोवती कोणीतरी सिमेंट भरलंय. आपली भिंत वीट-मातीची, ती ओल घेते तशी सोडतेही. सिमेंट सोडू देत नाही, मग ओल लाकडापाशी साठून राहते.

अण्णाकाका: कोणीतरी नाही, मीच भरलं. मुंगळे यायचे.

चिनू: काका, तेव्हा सगळेच भरायचे 😀

अण्णाकाका: मुंगळे तरीही आलेच.

विनूदादा: मग आता काय, शंभर वर्षांच्या लाकडाला ठिगळं लावायची?

चिनू: हो, ठिगळच. कुजकं तेवढं कापून जुन्या सागाचा तुकडा खाच-कुसू करून, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घालून, बसवायचा. बाजारात मिळणारं नवं सागवान बहुतेक कोवळ्या झाडाचं, त्यात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि वाळवी आधी तेच खाते. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया पुण्यात विकायला येतात, त्यातून कापून घेऊ. आणि लाकूड किती टिकतं म्हणशील तर विश्रामबागवाडा १८०७चा आहे. मधे आगीतून गेला, तरी बाजीराव रस्त्यावर उभा आहे.

विनूदादा: तो महापालिकेचा आहे. आपला खिसा बघ.

चिनू: सुतारांचा आकडा तुझ्या कोटेशनपेक्षा थोडा जास्त आहे, लपवत नाही. वेळही जास्त लागेल, कारण दिवाळीच्या आधी रंधा लावायचाच नाही. आत्ता लाकूड फुगलंय. आत्ता तासून बसवलं तर मार्चमध्ये फटीतून बोट जाईल.

अण्णाकाका: रंग काढायला ब्लो लॅम्प माझ्याकडे आहे.

चिनू: नको काका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७पासून आली, त्याआधीचे थर कसले आहेत कोणाला माहीत. जाळलं तर धूर, कोरडं घासलं तर धूळ, आणि माडीवर छोटी रांगते. खाली प्लास्टिक अंथरून ओलं करूनच घासायचं. नंतर अळशीचं तेल. त्या तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवायचे.

मेधावहिनी: एक सांगू? आमच्या फ्लॅटला स्लायडिंग आहे. कधीही बघा, निम्मी खिडकी बंदच. मे महिन्यात माडीवर मला तरी झडपाच हव्यात.

विनूदादा: तूसुद्धा?

चिनू: दादा, आता हा फोटो बघ. रंगाखाली पटाशीच्या रेघा सापडल्या. झडपेवर तीन, चौकटीवर पाच. प्रत्येक झडप तिच्याच चौकटीत तासून बसवलेली असते, अदलाबदल होऊ नये म्हणून ही खूण. आपल्या चार झडपा भलत्याच चौकटीत आहेत. बिजागऱ्यांची जुनी भोकं बुजवलेलीही दिसतात. म्हणून लागत नाहीत!

नलूआत्या: थांब थांब. रंग द्यायला झडपा उतरवून अंगणात भिंतीला टेकवल्या होत्या. विनूच्या मुंजीला! आदल्या रात्री पाहुणे दारात, म्हणून अण्णाने आणि रंगाऱ्याने हाताला येईल ती झडप लावली.

अण्णाकाका: लाइट गेले होते.

विनूदादा: म्हणजे बत्तीस वर्षं मी सुतळी बांधतोय ती माझ्याच मुंजीमुळे?

अण्णाकाका: घरात आठ मुलं, एक कंदील. तू लावून दाखव.

विनूदादा: बरं, त्याला नको म्हणून कळवतो. चिनू, पुण्याला लाकूड बघायला मीही येतो, एकटी जाऊ नकोस. आणि उतरवताना प्रत्येक झडपेवर खडूने नंबर घाल, फोटो इथे टाक.

अण्णाकाका: खडू पुसतो. कोरलेल्या खुणाच बघा.

नलूआत्या: आणि त्या दिवशी अण्णाला खालीच बसवा.