मदत हवी आहे: नोकरी सांभाळून मायनिंगमध्ये एम.टेक.

वणी भागात ओपनकास्ट (उघड्या) कोळसा खाणीत शिफ्ट इन्चार्ज आहे, बी.ई. मायनिंग, डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालय) सेकंड क्लास मॅनेजर सर्टिफिकेट झालंय आणि फर्स्ट क्लासची तयारी चालू आहे. आता एम.टेक. करायचंय पण नोकरी सोडणं जमणार नाही, घरचे हप्ते आहेत. गेटचा (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर होता पण तीन वर्षं उलटली, म्हणजे तो गेला.

नागपूरच्या व्हीएनआयटीचा विचार केला पण रेग्युलर म्हणजे रोज हजेरी, आणि नाइट शिफ्ट करून सकाळी नागपूर गाठणं माणसाचं काम नाही. धनबादच्या आयआयटी आयएसएमची वेबसाइट पाहिली, नोकरदारांसाठी तीन वर्षांचं एम.टेक. दिसतंय. ऑफिसात एनओसीचं विचारलं तर साहेब म्हणाले 'आधी अ‍ॅडमिशन घे मग बघू', आणि अ‍ॅडमिशनला आधी एनओसी लागते!

थीसिस ओबी डंपच्या (कोळशावरून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाच्या) स्टॅबिलिटीवर करायचाय, आमच्याकडे पावसाळ्यात काळी माती मिसळलेला डंप दरवर्षी खाली सरकतो, त्यामुळे डेटा जागेवरच आहे. फी स्वतः भरेन. परदेश किंवा एमबीए सुचवू नका प्लीज.

ज्यांनी शिफ्ट ड्युटी करत हे केलंय त्यांनी सांगा, लेक्चर आणि परीक्षेला प्रत्यक्ष किती वेळा जावं लागलं, आणि आपल्याच खाणीचा डेटा थीसिसला वापरायला कंपनीकडून लेखी परवानगी कुणाची घेतलीत?